पहिलं वर्ष बसायचं

गिरधर पाटील सरांना बसलेलं कुणी पाहिलं आहे का, यावर आमच्या स्टाफरूममध्ये एकदा पैज लागली होती. कोणीच जिंकलं नाही. त्यांच्या नावाची एक खुर्ची होती, पण तिच्यावर कायम त्यांची कापडी पिशवी बसलेली असायची. पिशवीत शिट्टी, मैदान आखायचा फक्कीने पांढरा झालेला दोर आणि घरच्या बागेतली केळी. सर स्वतः खिडकीपाशी, नाहीतर दारात, नाहीतर दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. चहासुद्धा ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत प्यायचे आणि रिकामा कप ज्या खिडकीत संपेल त्या खिडकीत ठेवायचे. शिपाई कप गोळा करताना त्यांच्या नावाने कुरकुरायचा. मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणायचे, “पाटील सर, बसा.” सर अदबीने “हो सर” म्हणायचे आणि भिंतीला पाठ टेकायचे. एवढंच त्यांचं बसणं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. खो-खोशी माझा संबंध आला तो केवळ मी बाई आहे म्हणून. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत एक बाई हवी, आणि बाकीच्या बायकांची मुलं लहान होती. तेव्हा मला मॅनेजर केलं. मॅनेजर म्हणजे मुलींची ओळखपत्रं सांभाळायची, कोणाचं पोट दुखलं तर बघायचं आणि एसटीत खिडकीजवळ बसून गिरधर सरांची चुळबुळ सहन करायची. स्टँड आलं की ते उतरायचे, गाडीला एक फेरी घालायचे, “टायरं पाही उनू” म्हणत पुन्हा चढायचे. एवढी वर्षं टायरांची काळजी एसटीच्या ड्रायव्हरनेही केली नसेल.

आणि अशा या माणसाचा नियम काय, तर बसायचं.

शहाद्याच्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेली कोणतीही मुलगी सामन्यात उतरायची नाही. कितीही पळो. सराव सगळा करायचा, फक्की मारायची, पाण्याचे कॅन उचलायचे, सामन्याला संघाबरोबर यायचं आणि कडेला बसून बघायचं. सरांचं एकच वाक्य, “पयलं वरीस बठानं, दुसरं वरीस पयानं.” पहिल्या वर्षी बसायचं, दुसऱ्या वर्षी पळायचं. मुली मागे त्यांची नक्कल करायच्या, तीही येरझाऱ्या घालत.

त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. खो-खो पळण्याचा खेळ आहे असं लोक समजतात, ते म्हणायचे, पण मोजून बघा, आठ जणी बसलेल्या असतात आणि एकच पळत असते. ज्या पोरीला पाटीत, त्या आखलेल्या चौकोनात, नीट बसता येत नाही तिला खो मिळाला तरी काय उपयोग? शिवाय आश्रमशाळेतून आलेल्या मुली अनवाणी पळून मोठ्या झालेल्या. त्यांना बूट देऊन लगेच खांबावर सूर मारायला लावलं की खांदा तरी जातो नाहीतर गुडघा. वर्षभर कडेला बसवलं की अंग तयार होतं आणि डोळाही तयार होतो. सामना संपला की ते बसलेल्या मुलींना विचारायचे, समोरची ती उंच मुलगी वळताना कोणता पाय टाकत होती? ज्योती गिरासे ही आमची कर्णधार, ती अशीच वर्षभर बसून शिकलेली. पळणारी मुलगी कुठे हूल देणार हे ज्योतीला त्या मुलीच्या आधी कळायचं.

मला मात्र हा नियम पटायचा नाही, आणि न पटलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. मी सरांना म्हणायची, पदवी तीन वर्षांची. त्यातलं एक वर्ष तुम्ही बाकावर घालवता. मोठ्या शहरातली कॉलेजं आलेल्या दिवशी पळणारी मुलगी मैदानात उतरवतात. आणि ज्योतीचं काय सांगता, तिचं घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत आहे. डोंगरातून आलेल्या मुलीचं दुसरं वर्ष कोणी पाहिलंय? होळीला घरी जातात आणि त्यातल्या निम्म्या परत येत नाहीत. सर ऐकून घ्यायचे. ऐकताना व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत जाऊन यायचे, त्यामुळे माझं अर्धं भांडण मोकळ्या हवेशीच व्हायचं.

उत्तर म्हणून त्यांच्याकडे घोडा होता. सर सारंगखेड्याजवळच्या तापीकाठच्या गावातले, गुजर घराण्यातले. घरी केळी, ऊस, भाऊ शेती बघायचे आणि हे नोकरी. पण जीव सगळा सारंगखेड्याच्या यात्रेत विकायला येणाऱ्या घोड्यांत. घोडा त्यांनी कधी विकत घेतला नाही, नुसते तोंडं उघडून दात पाहायचे. एकदा संघाला घेऊन आम्ही यात्रेत गेलो होतो. एक माणूस अगदी कोवळ्या शिंगराला जीन घालून ढोलावर नाचवत होता आणि भोवती गर्दी जमली होती. सर आत घुसले, शिंगराचा जबडा उघडला आणि त्या माणसाला तिथंच सुनावायला लागले. याचे दुधाचे दात पडलेले नाहीत, पाठ अजून भरलेली नाही, आत्ता नाचवशील तर ऐन उमेदीत लंगडं होईल, अजून थांब. तो माणूस चिडला नाही. शांतपणे जीन सारखं करत म्हणाला, “सर, तुम्हनं खरं शे. पन तवलोंग ह्याले चारा कोन घाली?”

तोपर्यंत याला चारा कोण घालणार, असं त्याने विचारलं आणि सर तिथून निघाले. पुढची सगळी यात्रा ते मुलींच्या पुढे पुढे इतक्या झपाट्याने चालले की आमची दमछाक झाली. मला मनातून बरं वाटलं, कारण माझंच भांडण त्या घोडेवाल्याने एका वाक्यात भांडून टाकलं होतं.

त्यानंतरच्या जूनमध्ये रमिला पावरा आली. म्हसावदच्या पुढे डोंगरात जीप जिथे थांबते, तिथून आणखी वर तिचं घर. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, अंगाने काटकुळी, बोलायला अगदी कमी. पहिल्या सरावाला तिला पकडायला ज्योतीसकट सगळा संघ लागला आणि तरी ती सापडली नाही. शेवटी ती स्वतःच हसायला लागून थांबली. मला खो-खोतलं तेव्हाही फार कळत नव्हतं, पण ती पळताना पाहून माझ्या हातातला डबा तसाच राहिला. कोणीतरी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला आणि दोन दिवसांत तो सगळ्या गावभर फिरला. प्राचार्यांनी पाहिला, संस्थेच्या लोकांनी पाहिला. जो तो सरांना गाठून विचारायचा, ही पोरगी यंदा उतरवणार ना? सर म्हणायचे, पहिलं वर्ष. आणि चालू लागायचे.

ते वर्ष सरांनी कसं काढलं कोण जाणे. नियम त्यांचा आणि तळमळही त्यांचीच. रमिला सरावात पळायला लागली की ते रेषेच्या बाहेरून तिच्याबरोबर पळायचे, ती वळली की वळायचे. सराव संपला की तिलाच फक्कीचं घमेलं उचलायला लावायचे. एरवी येरझाऱ्या घालत प्यायचा चहा आता ते घ्यायचेच नाहीत. मी एकदा विचारलं, एवढं होतंय तर उतरवा ना तिला. ते म्हणाले, अजून दात पडले नाहीत. मला इतका राग आला की मी तो सगळा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

आंतरमहाविद्यालयीन सामने नंदुरबारला होते. अंतिम सामन्याच्या सकाळी रमिलाने मला हळूच सांगितलं, बाबा आलेत. गावातल्या कोणाच्या तरी फोनवर त्यांनी तो व्हिडिओ पाहिला होता, आणि मुलीचा खेळ बघायला पहाटेची जीप धरून, मग एसटी बदलून आले होते. दोरीच्या पलीकडे, धुतलेला पांढरा सदरा घालून उभे होते. मी धावत जाऊन सरांना सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस विरघळेल. सर त्या दिशेने बघत म्हणाले, बरं झालं, पुढच्या वर्षी पुन्हा येतील.

सामना शेवटच्या डावात अगदी घासून आला. आमची एक मुलगी पाय मुरगळून बाहेर आली. सगळ्या जणी रमिलाकडे बघायला लागल्या, आणि रमिला सरांकडे. सर रेषेवरून इतके फिरत होते की पंचांनी त्यांना एकदा दटावलं. ते रमिलासमोर येऊन थांबले. तोंड उघडलं. मला वाटलं झालं, सुटलो. मग ते वळले आणि दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला आत पाठवलं. आम्ही एका गुणाने हरलो. पूर्ण वेळ रमिला बाहेर येणाऱ्या मुलींना पाणी देत होती. मी दोरीकडे पाहिलं तेव्हा तो पांढरा सदरा निघून गेला होता.

पाण्याचे कॅन गोळा करताना तिने मला विचारलं, “मॅडम, मला येत नाही का?”

मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही, काहीतरी समजुतीचं असणार. पण परतीच्या गाडीत मी सरांना सोडलं नाही. ते चालत्या एसटीत दोन बाकांच्या मधून फिरत होते, आणि मी बाकावरून मान वळवून वळवून त्यांना बोलत होते. एका पोरीचं वर्ष गेलं, तिचा बाप एवढ्या लांबून येऊन पाणी वाटताना बघून गेला, आणि तुम्ही मला घोड्याचे दात सांगता, असं बरंच काही. मागच्या बाकावर रमिला झोपल्यासारखी डोळे मिटून होती. सर आणखी दोन फेऱ्या मारून आले. मग माझ्या बाकाची दांडी धरून वाकले आणि अगदी हळू आवाजात बोलले.

“जी खेयनी ती गयी, मॅडम. जी बठनी ती परत उनी.”

जी खेळली ती गेली, जी बसली ती परत आली. मग त्यांनी सगळं सांगितलं. पूर्वी ते पहिल्या वर्षालाच उतरवायचे. डोंगरातल्या मुली आल्या, खेळल्या, कप जिंकला, पेपरात फोटो आला. होळीला घरी गेल्या त्या कप दाखवायला, आणि संपलं. मिळवायचं ते मिळालं असं घरच्यांना वाटलं, मुलींनाही वाटलं. एकजण मात्र दुखण्यामुळे वर्षभर बसली होती. जूनला कॉलेज उघडल्या दिवशी ती दारात हजर, तेही भांडायच्या तयारीत, की आता मला उतरवा. तिने पदवी घेतली. तेव्हापासून सर सगळ्यांना बसवायला लागले. खेळायची भूक राहिली की पोरगी दुसऱ्या वर्षाला येते, एवढाच त्यांचा हिशोब. कप गेला तर गेला. अंग, खांदा, गुडघा, दात हे सगळं लोकांना सांगण्यापुरतं. घोड्याचं सांगितलं की लोक लवकर मानतात, ते म्हणाले, आणि पोरीला कळलं की मुद्दाम उपाशी ठेवलंय तर ती भूक कसली?

राग गेला असं म्हणणार नाही, पण तो आता कोणावर करायचा ते कळत नव्हतं. सर कंडक्टरजवळ जाऊन उभे राहिले.

जून आला. कॉलेज उघडलं त्या दिवसापासून सर फाटकाशी. सकाळी फाटक ते निंब, निंब ते फाटक. गेल्या वर्षी बसलेल्या बाकीच्या मुली आल्या. रमिला होळीला घरी गेली होती, ती आली नाही. तिच्या घरचा फोन लागायचा नाही, डोंगरात रेंज नाही. प्रवेशाची मुदत संपत आली. सरांची दाढी वाढली, पिशवीतली केळी काळी पडून गेली. एका सकाळी माझा तास चालू असताना दारात येऊन म्हणाले, “चला मॅडम.” कुठे, ते मी विचारलं नाही.

म्हसावदपर्यंत एसटीने, पुढे जीपने गेलो. जीपमध्ये दाटीवाटीत त्यांना बसावंच लागलं असतं, तर हा माणूस मागच्या पायरीवर लटकला. मग चढण. घर कुडाचं, सारवलेलं अंगण, कडेला मोहाचं झाड. रमिलाच्या वडिलांनी खाट आणून टाकली, आईने तांब्या भरून आणला. मी बसले, पाणी प्यायले. सर उभेच. त्यांनी बोलायला सुरुवात केली ती अंगणात फिरत फिरत. पोरगी किती हुशार आहे, यंदा तिचं खेळायचं वर्ष आहे, पुढे पोलीस भरती आहे, नोकरी आहे. कोंबड्या त्यांच्या पायांतून पळत होत्या. वडील खाली मान घालून दोर वळत होते, एकदाही हूं म्हणाले नाहीत. सर जास्तच बोलायला लागले, जास्तच फिरायला लागले. आई घरातून त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. रमिला दाराच्या आड उभी होती. मी तिला विचारलं, आई काय म्हणते?

ती म्हणाली, “आई म्हणते, पाहुणे बसत का नाहीत? बसायचं नव्हतं तर आले कशाला?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या घरात पाहुणा बसून पाणी प्यायल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. उभ्याने बोलतो तो सरकारी माणूस, नाहीतर वसुलीवाला. आम्ही एवढा वेळ आलोच नव्हतो, त्यांच्या दृष्टीने. मी सरांना म्हटलं, सर, बसा. ते म्हणाले, हो हो, आणि पुन्हा वळले. मी आवाज चढवून म्हटलं, गिरधर सर, तुम्ही बसल्याशिवाय ते बोलणार नाहीत.

सर थांबले. खाटेकडे पाहिलं, मग तिथेच अंगणात उकिडवे बसले. आईने तांब्या पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि संपवला. रमिलाच्या वडिलांनी दोर बाजूला ठेवला.

“व्हिडिओत पळत होती,” ते म्हणाले. शब्द जुळवत, सावकाश, आमच्या मराठीत. “म्हणून आलो बघायला. तिथं पाणी देत होती. पाणी तर ती इथं पण भरते.”

पुढचं त्यांनी त्याच शांतपणे सांगितलं. गावात सगळ्यांना सांगून गेले होते, परत आल्यावर लोकांनी विचारलं, खेळली का, काय सांगणार? रमिला होळीपासून परत जायचं जायचं करत होती, रडतही होती. पण पोरीला वर्षभर ठेवून घेतात आणि मैदानात पाय ठेवू देत नाहीत, तिथे पुन्हा कशाला पाठवायचं? पेरणी झाली की ती मामाबरोबर गुजरातला कामाला जाणार होती.

सरांचा हिशोब बरोबर होता. रमिलाची भूक शाबूत होती, ती यायला तयार होती. फक्त तिला पाठवणारं घर त्यांनी हिशोबात धरलं नव्हतं. घराला काही बघायला मिळालं नव्हतं. मला हे कळायला थोडा वेळ लागला, सरांना लागला नाही. ते जमिनीकडे बघत मला म्हणाले, “चारा कोन घाली, हाई तो घोडावाला माले सांगी गयथा.” मग वडिलांकडे वळून मराठीत, माझी चूक झाली, असं सरळ म्हणाले. यंदाच्या पहिल्या सामन्याला या, ती खेळेल, नाही खेळली तर तिथूनच तिला घरी घेऊन जा.

वडील उठले, खांद्यावर कुऱ्हाड टाकली आणि शेताकडे गेले. खालून जीपवाला हॉर्न वाजवायला लागला, परतीची तीच शेवटची. मी उठले. सर उठले नाहीत.

“तुम्ही जा, मॅडम,” ते म्हणाले. “मी बठस.”

पुढचं आधीच सांगून टाकते, ताणून धरणं मला जमत नाही. रमिला आली. मुदत संपल्यावर, उशिराचा अर्ज करून, वडीलच पत्र्याची पेटी घेऊन तिला सोडायला आले. पहिल्या सामन्याला ते दोरीपाशी उभे होते, तोच पांढरा सदरा. आणि रमिला, जिला आमचा सगळा संघ पकडू शकला नव्हता, ती घाबरून लगेचच बाद झाली. वडील मोठ्याने हसले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायला लागले की ती माझी मुलगी आहे. पुढे ती खूप खेळली. सरांनी नियम मोडला नाही, वाकवला. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीने पहिल्या सामन्यात एक डाव खेळायचा, घरच्यांना बोलावून, आणि मग वर्षभर बसायचं. सर निवृत्त झाले तरी आमच्याकडे अजून तसंच चालतं. नव्या सरांना वाटतं हा वरून आलेला नियम आहे.

सर आता गावीच असतात. यात्रेत दिसले होते, शिंगरांचे जबडे उघडत, एका दावणीवरून दुसऱ्या दावणीला. पण त्यांचं नाव निघालं की मला ते तसे आठवत नाहीत.

जीप निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. चढावरचं अंगण खालूनही स्पष्ट दिसत होतं. सर तसेच उकिडवे बसले होते, पाटीत बसायला मुलींना शिकवायचे तसे, एक हात जमिनीला टेकलेला आणि तोंड शेताच्या वाटेकडे. रमिला तांब्या भरून घेऊन बाहेर आली होती आणि त्यांच्याजवळ उभी होती. त्यांनी हात पुढे केला, पण मान वळवली नाही आणि उठलेही नाहीत.